सारसाचं घरटं, आकाशगंगा आणि ‘लोकेशन टाक ना भिया’

रामबागकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचनमात्र होतो. आज धागा काढतोय, कारण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. घरी सांगितली तर उत्तर येतं, “पक्ष्याचं काय एवढं मनाला लावून घ्यायचं!”

मागच्या श्रावणात इंदूरजवळच्या यशवंत सागर धरणाच्या फुगवट्याच्या एका कडेला सारसाचं घरटं सापडलं. गुडघाभर पाण्यात लव्हाळ्याचा आणि काड्यांचा मोठा ढीग, वर दोन अंडी. जोडीतला एक बसलेला, दुसरा जरा लांब पाण्यात उभा. रविवारची सकाळ, ढगांतून गाळून आलेला मऊ उजेड. माझ्याकडे तेव्हा मित्राची ४०० मिमीची लेन्स होती. आयुष्यात काढलेल्या चार बऱ्या फोटोंतला एक तो असेल.

फोटो ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात पन्नास अंगठे आणि एक निरोप : “लोकेशन टाक ना भिया.” आता भिया (म्हणजे आपला भाऊ) म्हटलं की इंदूरचा माणूस विरघळतो. टाकलं.

पुढच्या रविवारी गेलो तर अकरा गाड्या. एकाने ड्रोन आणला होता. त्याच्या पुढच्या रविवारी ढीग होता, अंडी नव्हती, पक्षीही नव्हते. पाणी वाढलं असेल, कावळ्यांनी नेली असतील, काहीही असेल. पण जोडी घरट्यावर ठाम बसलेली असती तर कावळ्याची काय बिशाद?

तेव्हापासून मी कॅमेरा वर फिरवला. तारे काही माझ्यामुळे उडून जात नाहीत. पण तिथेही गाडी अडली. गुळावटच्या कमळतळ्यावर तीन अमावास्या घालवल्या. आकाशगंगेच्या जागी भगवा धूर उमटतो, जणू कुणी फ्रेममध्ये शेकोटी पेटवली आहे. साधा क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स आहे.

तेव्हा प्रश्न दोन. आकाशगंगेचं काय चुकतंय? आणि जागा सांगायची की नाही सांगायची?

---

निशाचर_महू

दुसऱ्या प्रश्नावर इथे मारामारी होणार, म्हणून पहिलं उरकून घेतो.

कॅमेरा ठीक आहे, लेन्स ठीक आहे, दिशा उलटी आहे. आकाशगंगेचा जाड, उजळ भाग म्हणजे वृश्चिकाची नांगी आणि धनूच्या मधला पट्टा, आपलं मूळ नक्षत्र आहे तो परिसर. तो आग्नेयेला उगवतो आणि दक्षिणेकडून सरकतो. इंदूरच्या अक्षांशावरून तो फार वर चढतही नाही, अगदी माथ्याशी आला तरी क्षितिजापासून साधारण ३८ अंश. आता गुळावट शहराच्या कुठल्या बाजूला आहे? वायव्येला. म्हणजे तिथून आग्नेयेला बघितलंत की समोर विमानतळ आणि मागे अख्खं इंदूर! तुमचा भगवा धूर म्हणजे आपल्याच रस्त्यांवरचे दिवे.

शहर पाठीमागे घ्यायचं, एवढं सोपं आहे. मानपूर, जानापावच्या टेकडीकडे या. तिथून इंदूर, महू, पीथमपूर सगळं उत्तरेला आणि ईशान्येला पडतं. समोर दक्षिणेला घाट उतरून निमाड. तोही काही ठार काळा नाही, हायवेचे ट्रक आहेत, पण फरक डोळ्यांना कळतो. अंधार मोजायची ९ पायऱ्यांची एक पट्टी आहे, जॉन बॉर्टल यांनी २००१ साली मांडलेली. राजवाड्यासमोरचं आकाश त्यात शेवटच्या पायरीवर बसेल. तिथून दोन-तीन पायऱ्या खाली आलात तरी किट लेन्सवर आकाशगंगा उमटते.

वेळेचं म्हणाल तर मार्चात हा भाग पहाटे वर येतो, एप्रिलच्या शेवटी रात्री अकराच्या सुमारास उगवतो, मे महिन्यात दहाच्या आत. जूनच्या मध्यावर ढग आले की दुकान बंद. आपल्याकडे खरा हंगाम तीन महिन्यांचा. त्यातही एप्रिलमध्ये गव्हाची नरवाई (कापणीनंतरची खुंटं) जाळतात, त्या धुराने क्षितिजालगतचे दहा अंश खराब होतात. म्हणून उगवल्या उगवल्या फोटोची घाई नको, वर चढू द्या.

---

सुदामानगरी

मी अगदीच नवी. वडिलांचा जुना कॅमेरा मिळालाय, तीच १८-५५. निशाचरदादा, आकडे सांगाल का? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळं सांगतो आणि सगळ्यांकडे दीड लाखाची लेन्स असते.

---

निशाचर_महू

लेन्स १८वर ठेव, ॲपर्चर (लेन्सचं भोक) ३.५, आयएसओ (उजेड टिपायची तीव्रता) ३२००. शटर किती वेळ उघडं ठेवायचं त्याचा जुना हिशोब असा : ५०० भागिले लेन्सचे मिमी, पण क्रॉप सेन्सर असेल तर मिमीला आधी दीडने गुणायचं. १८ × १.५ = २७. ५०० ÷ २७ म्हणजे साडेअठरा सेकंद. त्याहून जास्त ठेवलंस तर पृथ्वी फिरते म्हणून ताऱ्यांच्या तांदळाच्या कण्या होतात. मी पंधरावरच थांबतो.

फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढ, जेपेग नको. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. बटण दाबताना हात लागतो म्हणून दोन सेकंदांचा टायमर.

आणि फोकस. नव्वद टक्के रात्री फोकसमुळे वाया जातात, लिहून घे. ऑटोफोकसला अंधारात काही दिसत नाही. मॅन्युअलवर टाक, लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा ठळक तारा शोध, स्क्रीनवर दहापट मोठा कर आणि तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग फिरव. तारा सापडत नसेल तर लांबच्या मोबाईल टॉवरचा लाल दिवा चालतो. फोकस लागला की रिंगवर चिकटपट्टी. हसू नकोस, माझ्या लेन्सवर अजून तिचा डाग आहे.

एकाच फोटोवर समाधान मानू नकोस. जागेवरून न हलता सोळा काढ आणि घरी सिक्वेटरसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रच. सोळा फोटोंनी दाणेदारपणा चौथाईवर येतो, कारण तो वर्गमुळाच्या हिशोबाने घटतो. महागड्या लेन्सची निम्मी कसर तिथेच भरून निघते.

---

जुना_रोल

सोळा फोटो! पोरांनो, आमच्याकडे अख्ख्या रोलमध्ये छत्तीस असायचे.

१९९७चा हेल-बॉप धूमकेतू आमच्या जेल रोडच्या गच्चीवरून साध्या डोळ्यांनी दिसायचा. संध्याकाळी वायव्येला शेपटासकट. आज त्या गच्चीवरून सप्तर्षीचे सात मोजायला चष्मा दोनदा पुसावा लागतो. रोज संध्याकाळी मी पाच-सहा फ्रेम घ्यायचो, शटर हाताने धरून, मनात अंक म्हणत. रोल धुवायला दिला. आठवड्याने दुकानदार म्हणतो, “काका, तुमचा रोल खराब निघाला. सगळे काळे होते, म्हणून प्रिंट काढल्याच नाहीत. पैसे नको.” मी निगेटिव्ह उजेडात धरली तर धूमकेतू होता की! त्या भल्या माणसाने माझे पैसे वाचवले होते.

अमावास्येचा एक किस्सा सांगतो, कारण हा फटका फक्त आपल्यासारख्यांनाच बसतो. उज्जैनच्या मित्राने सांगितलं, “जेठ की अमावस को चलेंगे, पूरी रात अपनी.” मी घरी येऊन भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात ज्येष्ठ अमावास्या पाहिली, सुट्टी टाकली, सामान बांधलं. त्या रात्री धो-धो पाऊस. मित्राला फोन केला तर म्हणतो, “अमावस तो पिछले महीने हो गई, तुम आए ही नहीं!” यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यांची जेठ अमावस म्हणजे आपली वैशाख अमावास्या. चाळीस वर्षं या गावात राहून मला हे माहीत नव्हतं. बायकोला होतं. शेजारणी वटसावित्री अमावास्येला करायच्या आणि ही पौर्णिमेला.

---

पक्षीवेडी

काका, हे मी छापून फ्रिजवर लावणार आहे.

आता रामबागकर, तुमचा दुसरा प्रश्न. मी सरळ बोलते, राग मानू नका. घरट्याचं लोकेशन टाकणं चूकच होतं. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांतला सगळ्यांत उंच पक्षी. उभा राहिला की माणसाएवढा, जवळजवळ सहा फूट. लोकांना वाटतं एवढा दांडगा पक्षी, त्याला काय होतंय. पण घरटं जमिनीलगत, उघड्यावर, आणि महिनाभर अंडी उबवायची. नर-मादी पाळीपाळीने बसतात. माणूस जवळ आला की बसलेला पक्षी उठतो, मान ताणतो, बाजूला जातो. आपण म्हणतो, वा, काय पोज दिली! त्या वेळात अंडी उन्हात किंवा पावसात उघडी. एक माणूस दहा मिनिटं थांबला तर निभावतं. अकरा गाड्या पाळीपाळीने आल्या तर दिवसभर उघडी.

हे नुसतं भावनेचं नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या आहे, त्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणंही येतं. बंदूक लागत नाही.

दूधराजाचं तर विचारू नका. (पुण्याची बहीण त्याला स्वर्गीय नर्तक म्हणते, आपल्या प्रदेशाचा तो राज्यपक्षी.) उन्हाळ्यात चोरलच्या बाजूला घरटी करतो. घरट्यासमोरची डहाळी फोटोत आडवी येते म्हणून छाटलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. ती डहाळी म्हणजे पिल्लांची सावली असते. शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्यापासूनचा आडोसाही तोच.

माझा नियम एवढाच : विणीच्या काळातला फोटो हंगाम संपल्यावर टाकते, आणि जागा म्हणून फक्त जिल्हा लिहिते. मोबाईलच्या फोटोत जागेचे आकडे आपोआप चिकटतात, ते आधी काढते. ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या वेबसाइटवरही काही जातींची नेमकी जागा लपवलेली असते, ती उगाच नाही.

---

छप्पनभोगी

ताई, पटतंय, पण पूर्ण नाही.

मला सारस कुणी दाखवला? जागा सांगणाऱ्यानेच. मी काही वनखात्यात नाही, मला जंगलात नेणारे मामा-काका नाहीत. सगळ्यांनी तोंडं मिटली तर पक्षी फक्त सहाशे मिमीची लेन्स आणि ओळखी असणाऱ्यांचेच राहतील. तुम्हाला ठाऊक आहे, मला नाही, आणि वर तुम्ही मला नीतीचे धडे देणार!

सिरपूरचं तळं बघा. होळकरांच्या काळातलं तळं, उपसा आणि अतिक्रमणाने संपत आलं होतं. भालू मोंढ्यांसारखा चित्रकार-छायाचित्रकार माणूस चिवटपणे मागे लागला, लोकांना तिथे नेलं, पक्षी दाखवले, तेव्हा ते उभं राहिलं. मोंढ्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. २०२२मध्ये सिरपूर आणि यशवंत सागर दोन्ही रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. लपवून ठेवलं असतं तर आज तिथे कॉलनी असती.

---

पक्षीवेडी

सिरपूरबद्दल एकदम मान्य. लेन्सवाल्यांच्या मक्तेदारीबद्दलही निम्मं मान्य, मी स्वतः तशा लोकांची बोलणी खाल्ली आहेत.

पण तळं सांगणं वेगळं आणि घरटं सांगणं वेगळं. सिरपूरला वाट आहे, राखणदार आहे, पक्षी पाण्यात आणि आपण काठावर. हिवाळ्यात चक्रवाक बघायला शंभर माणसं आली तरी ते आत सरकतात, बस. घरटं आत सरकत नाही.

रतलामजवळच्या सैलान्याचं उदाहरण घ्या. तणमोरासाठी, म्हणजे इथल्या भाषेत खरमोरासाठी, १९८३ साली राखलेलं गवत. २०२१पासून हा पक्षी अतिसंकटग्रस्त यादीत आहे. पावसाळ्यात नर गवतातून सरळ वर उड्या मारतो, मादीने बघावं म्हणून, दिवसाला शेकडो वेळा. ती उडी हा सगळ्यांना हवा असलेला फोटो. तो मिळवायला गवतात शिरलात की त्याने उडी मारायची जागाच मोडलीत. मी रस्त्यावरून पाहिला, लांबून, दुर्बिणीतून. फोटो नाही. सैलाना हे नाव मी इथे खुशाल लिहिते आहे, ते नकाशावर आहेच. कुठल्या कुंपणाशी उभी होते ते मात्र विचारू नका.

आणि नवख्यांना न्यायचं कसं, तर बरोबर घेऊन. तुम्ही येता का पुढच्या थंडीत? दुर्बीण माझी, पोहे तुमचे.

---

हातोदचा_भाचा

पोह्यांवरून आठवलं, म्हणून लिहितो. लिहावं की नाही, दोन दिवस विचार केला.

माझ्या मामांचं शेत त्याच फुगवट्याला लागून आहे. रामबागकर म्हणतात ते घरटं बहुतेक मामांच्या बांधापासून हाकेवरचं. मामांना वाचून दाखवलं. त्यांना ते दोन-तीन रविवार लख्ख आठवतात, कारण गाड्या वळवताना सोयाबीनच्या चार ओळी चाकाखाली गेल्या.

अंडी कावळ्यांनी नेली नाहीत. मामा म्हणतात, कुत्र्यांनी नेली. त्या बाजूला आधी कुत्री फिरकत नव्हती, गावापासून लांब पडतं. पण फोटोवाले पहाटे येताना शहरातून पोहे-जिलबी बांधून आणायचे आणि द्रोण तिथेच टाकून जायचे. आठवडाभर कुत्री द्रोण चाटायला येत राहिली. एकदा पाणी थोडं उतरलं, तेव्हा चिखलातून थेट घरट्यापर्यंत गेली. जोडी रात्रभर ओरडत होती. सारसाचा आवाज किती लांब जातो तुम्हाला माहीत आहेच. मामा बॅटरी घेऊन गेले, तोवर झालं होतं.

आता मामांनी बांधावर बाभळीचे काटे टाकलेत आणि कॅमेरा दिसला की शिव्या घालतात. मागे पक्षी मोजणारी दोन मुलं आली होती, त्यांनाही हाकललं. ती बिचारी वहीच घेऊन आली होती.

---

रामबागकर

भाचेबुवा, वाचलं.

पहिल्या रविवारी पोहे मीही नेले होते. दोन द्रोण. एक माझा, एक मित्राचा. परत आणले का, ते आठवत नाही. आठवत नाही म्हणजे आणले नसावेत.

मामांना नमस्कार सांगा. त्यांची हरकत नसेल तर कॅमेरा न घेता एकदा येऊन भेटेन.

---

सुदामानगरी

विषय जड झालाय, तरी माझा वृत्तांत टाकते, कारण निशाचरदादांना कबूल केलं होतं.

परवाच्या अमावास्येला आम्ही चौघं जानापावला गेलो : मी, बाबा, मावसभाऊ आणि त्याचा मित्र. बाबांची अट, एकटीने नाही, आणि वर मंदिराशी आधी सांगून ठेवायचं. वर जमदग्नींचं स्थान आहे आणि चंबळचा उगम. रात्री एकपर्यंत नुसती गार हवा आणि चहा. पहिला धडा असा की स्टेलॅरियम (ताऱ्यांच्या नकाशाचं ॲप) बघायला मोबाईल काढला की डोळ्यांना पुन्हा अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं जातात. मावसभावाने रील बघण्यात तीनदा घालवली. मग टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधला, स्वयंपाकघरातला रबर लावून.

फोकस ज्येष्ठावर लावला, वृश्चिकातला तो लालसर तारा. चिकटपट्टी लावली. आणि मग हौसेने झूम रिंगच फिरवली! अठ्ठावीस फोटो मऊ, जणू दुधात भिजवलेले तारे. दोन वाजता लक्षात आलं. परत फोकस, परत पट्टी, या वेळी दोन्ही रिंगांना.

तीनच्या सुमारास मात्र दिसली. आधी वाटलं ढग आहे. बाबा म्हणाले, ढग असता तर सरकला असता. ते लहानपणी मनमाडजवळच्या गावी अंगणात झोपायचे, तेव्हा रोज बघायचे म्हणे. मला इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते. मग बराच वेळ कुणीच फोटो काढला नाही.

नंतर काढले. सोळा रचले. डावीकडे खाली हायवेवरच्या ट्रकची पिवळी रेघ आलीय, क्षितिजाशी नरवाईचा धूर, पण मधला पट्टा आहे. त्यातली काळी भेग पण दिसतेय. फोटो जोडला आहे. जागेचे आकडे काढलेले नाहीत, ताऱ्यांचं काय चोरीला जाणार!

---

निशाचर_महू

पहिल्या खेपेला काळी भेग! ती धुळीची आहे, मागचे तारे झाकणारी. माझ्या पहिल्या दोन वर्षांत मला फक्त ट्रक मिळाले. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) जरा निळ्याकडे ने, चार हजार केल्विनच्या आसपास. धूर राहू दे, खरा आहे.

---

जुना_रोल

बाबांना माझा नमस्कार. फोटो कागदावर छापून त्यांना दे, मोबाईलवर नको.

---

हातोदचा_भाचा

रामबागकर, मामा म्हणतात या. जोडी परत फिरते आहे त्या बाजूला, अजून घरटं नाही. पाऊस पडल्यावर बघू. कॅमेरा आणलात तरी चालेल म्हणाले, पण बांधाच्या अलीकडून, आणि डबा घरचा. पोहे मामी करतील.

---

रामबागकर

येतो. कॅमेरा गाडीत ठेवीन.

तोवर पुढच्या अमावास्येला जानापाव. सुदामानगरी, तुझे बाबा येणार असतील तर आमच्या गाडीत दोन जागा आहेत. छप्पनभोगी, तुम्हीही या. वैशाख अमावास्या, रात्री दहाला महू नाक्यावर.

---

जुना_रोल

वैशाख म्हणजे आपला की त्यांचा? तारीख इंग्रजीत लिहा बुवा.